संथ फटफटीचा आनंद

मनुष्यास ज्या वस्तूंपासून आनंद होतो, त्यांचे स्थूल मानानें दोन वर्ग पाडतां येतील. कांहीं वस्तूंचा आनंद त्या उसन्या आणल्या तरी पुरा मिळतो. ग्रंथालयांतून आणलेलें पुस्तक परक्याचें आहे म्हणून त्यांतील रस उणा होत नाहीं. परंतु बाग, सतार किंवा घोडा ह्यांची गोष्ट निराळी आहे. ज्यानें भर उन्हाळ्यांत झाडांस पाणी घातलें, त्यालाच पुढें आलेल्या फुलाचें खरें मोल कळतें. ह्या दुसऱ्या वर्गांत आम्ही एका यंत्राची गणना करूं इच्छितों, व तें यंत्र म्हणजे क्रूझर जातीची मोटारसायकल.

हा विषय शाळेच्या वार्षिकास शोभतो काय, अशी शंका कित्येक पालकांच्या मनांत येईल. परंतु मुलांच्या वह्यांचीं मागचीं पानें ज्यांनीं उलटून पाहिलीं आहेत, त्यांस हा विषय शाळेंत केव्हांच शिरलेला आहे हें निराळें सांगावयास नको. भूगोलाच्या नकाशाशेजारीं मोटारसायकलीचें चाक, गणिताच्या उदाहरणाखालीं तिची टाकी, असे देखावे नित्याचे झाले आहेत. घरीं मात्र ह्या विषयावर बहुधा दोनच वाक्यें बोललीं जातात. मुलगा म्हणतो, "मला गाडी पाहिजे", वडील म्हणतात, "नांव काढूं नकोस." ह्या दोन वाक्यांच्या मध्यें बोलण्यासारखें पुष्कळ आहे, आणि तें न बोललें गेल्यामुळें मुलांचें व आईबापांचें दोघांचेंही नुकसान होतें, असें आमचें मत आहे. तें येथें मांडण्याचें योजिलें आहे. आम्ही स्वतः कित्येक वर्षें अशी एक गाडी बाळगून आहों. तेव्हां तिच्या सुखाविषयीं जें लिहूं, तें निदान ऐकीव नाहीं.

प्रथम क्रूझर म्हणजे काय, तें सांगितलें पाहिजे. खेडेगांवांत जुनीं माणसें अजूनही कोणत्याही मोटारसायकलीस तिच्या आवाजावरून 'फटफटी' म्हणतात. ह्या फटफट्यांच्या जाती अनेक आहेत. शर्यतीच्या धर्तीच्या गाडीवर स्वार टाकीवर ओणवा होऊन बसतो; त्याचे पाय मागें दुमडलेले व मान वर ताणलेली असते. क्रूझरवर ह्याच्या उलट प्रकार. तिची बैठक ठेंगणी, हँडल रुंद व स्वाराकडे वळलेलें, आणि पाय ठेवण्याची जागा पुढें असते. ओसरीवरील खुर्चीत बसावें तसा स्वार पाठ सरळ ठेवून बसतो. पुढील चाकास धरणारे दांडे इतर गाड्यांपेक्षां अधिक तिरपे, व दोन चाकांमधील अंतरही अधिक. त्यामुळें मोकळ्या रस्त्यावर ती रुळांवरून चालल्यासारखी स्थिर जाते, मात्र अरुंद गल्लींत वळवितांना तिची लांबी हातांस जाणवते. 'क्रूझर' ह्या इंग्रजी शब्दांतच, पोंचण्याची घाई न धरतां एका संथ गतीनें दूरवर विहार करणें, असा भाव आहे.

ही जात जन्मास आली ती अमेरिकेंत. मिलवॉकी शहरीं विल्यम हार्ले व आर्थर डेव्हिडसन ह्या दोघां तरुणांनीं १९०३ सालीं एका लहानशा लांकडी खोपटांत आपला उद्योग मांडला. त्याच्या दोनच वर्षें आधीं, १९०१ सालीं, स्प्रिंगफील्ड येथें 'इंडियन' नांवाच्या मोटारसायकली निघूं लागल्या होत्या. नांवाखेरीज त्यांचा आपल्या देशाशीं कांहीं संबंध नव्हता. अमेरिकेंतील रस्ते लांबच लांब, गांवें विरळ, व प्रवास शेंकडों मैलांचे. तेथें अंग न आंबतां दिवसभर बसतां येईल, व वरचेवर गिअर न बदलतां इंजिन ओढीत राहील, अशा गाडीची गरज होती. १९२९ नंतरच्या मोठ्या मंदींत तेथील बहुतेक कारखाने बुडाले, व मोठ्यांपैकीं हे दोनच तगून राहिले. पुढें इंडियनचा मूळ कारखानाही १९५३ सालीं थांबला. परंतु त्या काळच्या गाड्यांची बैठक व डौल लोकांच्या मनांत असा भरला कीं, आज जगांत जेथें जेथें क्रूझर बनते, तेथें तेथें त्याच जुन्या आकाराची आठवण ठेवून ती बनते.

हार्लेच्या गाडीचा आवाज जगप्रसिद्ध आहे. त्यामागील कारण आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस सहज समजेल. १९०९ सालीं त्या कारखान्यानें दोन सिलिंडरांचें इंजिन प्रथम बाजारांत आणलें. ते सिलिंडर परस्परांशीं ४५ अंशांचा कोन करून बसविलेले असतात, व दोहोंतील दट्टे एकाच खुंटीला जोडलेले असतात. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, प्रत्येक सिलिंडरांत एकदां स्फोट व्हावयाचा. ते दोन स्फोट सारख्या अंतरानें झाले असते तर ३६० व ३६० अंशांनीं झाले असते. परंतु ह्या रचनेमुळें ते ३१५ व ४०५ अंशांच्या अंतरानें होतात. म्हणून तो आवाज एकसुरी न राहतां लंगडत्या घोड्याच्या टापांसारखा, एक जवळ एक लांब, असा पडतो. हा आवाज आपल्या कंपनीचें व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून मिळावा, असा अर्जही त्या कंपनीनें १९९४ सालीं केला होता, व २००० सालीं तो मागें घेतला. यंत्राच्या एका विषमतेवर मनुष्य इतकें प्रेम करूं शकतो, ही गोष्ट आम्हांस मौजेची वाटते.

आपल्या देशांत ही जात उशिरा आली. येथें फार वर्षें दबदबा होता तो बुलेटचा. इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कंपनीच्या साहाय्यानें १९५५ सालीं मद्रासेस कारखाना निघाला, व तेथून आपल्या लष्करासाठीं बुलेट गाड्या तयार होऊं लागल्या. परंतु बुलेट ही खरी क्रूझर नव्हे. तिची बैठक उंच व पाय सरळ खालीं. पुढें २००१ सालीं पुण्याजवळ आकुर्डी येथें ठाण असलेल्या बजाज कंपनीनें जपानच्या कावासाकी कंपनीबरोबर 'एलिमिनेटर' ही ठेंगण्या बैठकीची गाडी आणली, व २००५ सालीं तिच्याच वळणावर 'ॲव्हेंजर' काढली. ही गाडी मध्यम स्थितीच्या गृहस्थास परवडणारी असल्यामुळें महाराष्ट्रांतील पुष्कळांनीं क्रूझरचा पहिला अनुभव घेतला तो हिच्यावरच. रॉयल एन्फील्डनेंही २००२ सालीं 'थंडरबर्ड' व २०२० सालीं 'मीटिऑर' ह्या गाड्या त्याच धर्तीवर काढल्या.

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळतों. क्रूझरचा आनंद वेगाचा आनंद नव्हे, हें मुलांनीं नीट ध्यानांत घ्यावें. आंकड्यांवरूनच पाहूं. मीटिऑर गाडीचें इंजिन ३४९ घन सेंटिमीटरांचें असून त्याची शक्ति सुमारें २० अश्वशक्ति आहे. ऑस्ट्रियांतील केटीएम कंपनीची, परंतु आपल्या चाकण येथें तयार झालेली 'ड्यूक ३९०' ही गाडी २०१३ सालीं निघाली, तिचें इंजिन ३७३ घन सेंटिमीटरांचें, व शक्ति सुमारें ४३ अश्वशक्ति. आकारमान जवळजवळ सारखें, आणि शक्ति दुपटीहून अधिक! मग ज्यानें क्रूझर घेतली तो फसला काय? मुळींच नाहीं. त्या दुसऱ्या गाडीची पुरी शक्ति इंजिन मिनिटास सुमारें ९,००० फेरे फिरूं लागल्यावर हातीं येते. क्रूझरचें इंजिन ४,००० फेऱ्यांसच आपला सर्वांत मोठा जोर, ज्यास यंत्रज्ञ टॉर्क म्हणतात तो, देऊन मोकळें होतें. पहिलीस सदोदित पळवावें लागतें, तेव्हां ती खुलते. दुसरी संथ चालत असतांनाच खुललेली असते. सारांश, क्रूझर घेणारा मनुष्य जाणूनबुजून कमी शक्ति विकत घेतो. अधिक मिळत असतां पुरे म्हणण्याची ही जी बुद्धि, ती आमच्या मतें ह्या गाडीचा पहिला धडा होय.

ह्या संथपणांत काय सुख आहे, तें रस्त्यावरच कळतें. वाईहून पांचगणीस जाणारा पसरणीचा घाट घ्या. सकाळीं लवकर निघावें. कृष्णाकांठचा गारवा अंगावर असतो. घाट चढूं लागलें कीं प्रत्येक वळणानिशीं हवा बदलते. उन्हांतून सांवलींत शिरतांना गुडघ्यांस थंडी वाजते, आणि पुढच्या वळणावर पुन्हां ऊब लागते. खालीं धोम धरणाचें पाणी दिसूं लागतें, व तें दर वळणास थोडें थोडें खोल जातें. इंजिन एकाच गिअरमध्यें, एकाच सुरांत, तक्रार न करतां चढत असतें. ऊंसाच्या दिवसांत साताऱ्याकडील रस्त्यांनीं जावें, तर गुऱ्हाळ दिसण्यापूर्वीं त्याचा वास येतो. कांचा लावलेल्या मोटारींत बसणारास हा मुलूख दिसतो खरा, पण चित्रांतल्यासारखा. पायीं जाणारास तो सर्व मिळतो, पण एका दिवसांत थोडाच मिळतो. क्रूझरवर संथ जाणारा ह्या दोहोंच्या मध्यें असतो. त्याला मुलूखही मिळतो व अंतरही मिळतें. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर दुचाकींस मज्जाव आहे, त्यामुळें आम्हांस खंडाळ्याच्या जुन्या घाटरस्त्यानेंच जावें लागतें. त्याचें आम्हांस वाईट वाटत नाहीं. ज्याला लवकर पोंचावयाचें आहे त्यानें नव्या मार्गानें खुशाल जावें.

चालविण्याच्या आनंदाहून बाळगण्याचा आनंद वेगळा, व आमच्या मतें अधिक खोल आहे. रविवारीं सकाळीं जुनें धोतर फाडून केलेलीं फडकीं, रॉकेल, तेलाची बाटली व पान्यांची पिशवी घेऊन गाडीशेजारीं बसावें. दर पांचशें किलोमीटरांच्या सुमारास साखळी पुसून तिला तेल द्यावें, तिचा ढिलेपणा बोटानें पाहावा. टायर थंड असतांना हवा मोजावी. ब्रेक, दिवे, क्लचची तार, एकेक नट हात लावून तपासावा. असें वर्षभर केल्यावर गाडी मालकाशीं बोलूं लागते. आज आवाजांत एक बारीक टकटक अधिक आहे, आज मागचें चाक किंचित् जड फिरतें, हें त्याला मिस्त्रीच्याही आधीं कळतें. आणि ज्याला हें कळतें तो ती गाडी बेफाम हांकूं शकत नाहीं. जिच्या प्रत्येक खिळ्यास आपण हात लावला आहे, ती वस्तु खड्ड्यांत घालावयास हात धजत नाहीं. उसन्या गाडीवर बसलेल्या मुलास मात्र हें भान नसतें. त्याला तिचा ब्रेक किती लागतो, टायर किती झिजला आहे, ती किती जड आहे, ह्यांपैकीं कांहींच ठाऊक नसतें. ठाऊक असते ती फक्त उजव्या हातांतील मूठ. मालकी म्हणजे नुसता हक्क नव्हे. ती एक प्रकारची ओळख आहे, व त्या ओळखींतून जबाबदारी आपोआप उपजते.

येथपर्यंत वाचून कोणी पालक म्हणतील, "आनंद असेल, पण मरणाचें काय?" ही शंका रास्त आहे व तिला आम्ही बगल देणार नाहीं. क्रूझर संथ आहे म्हणून ती निर्धोक आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. मीटिऑरचें वजन १९१ किलो आहे. ती अंगावर पडली तर ती संथ होती कीं चपळ, हें हाड पाहत नाहीं. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं, व त्यांपैकीं शेंकडा सुमारें ४४ दुचाकीवरील होतीं. गतिज ऊर्जेचें सूत्र आमच्या विद्यार्थ्यांनीं परीक्षेसाठीं पाठ केलेलें असतें. त्याचा खरा अर्थ रस्त्यावर आहे. वेग दुप्पट झाला कीं ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचें अंतर दुप्पट होत नाहीं, चौपट होतें. ताशीं ६० किलोमीटरांनीं जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर पुढें जाते, म्हणजे समोर बैल आडवा आलेला पाहून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक वर्गखोली मागें पडलेली असते.

ह्या संबंधांत टी. ई. लॉरेन्स ह्या प्रसिद्ध इंग्रज सैनिकाची व लेखकाची हकीकत सर्वांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ब्रफ सुपीरियर ह्या मोटारसायकलींवर त्याचें विलक्षण प्रेम होतें. आपल्या गाडीस त्यानें 'बोआनेर्गेस' म्हणजे 'गर्जनेचे पुत्र' हें मार्काच्या शुभवर्तमानांतील नांव दिलें होतें. १३ मे १९३५ रोजीं सायकलवरून जाणाऱ्या दोन मुलांना चुकवितांना तो गाडीवरून फेंकला गेला. डोक्यावर शिरस्त्राण नव्हतें. सहा दिवसांनीं, वयाच्या ४६ व्या वर्षीं, तो वारला. त्याच्या उपचारासाठीं आलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. ह्या मरणाचा त्यांच्या मनावर परिणाम झाला, व त्यांनीं मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचा अभ्यास हातीं घेतला. त्यांचा पहिला निबंध १९४१ सालीं प्रसिद्ध झाला, व दुसऱ्या महायुद्धांतच ब्रिटिश लष्करांतील स्वारांना शिरस्त्राण सक्तीचें झालें. आज आपण ज्यास हेल्मेट म्हणतों, तें घालण्याच्या रिवाजामागें ही कथा आहे. अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासून २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेंत असें आढळलें कीं, हेल्मेटमुळें मृत्यूचा संभव सुमारें ४२ टक्क्यांनीं व डोक्याच्या इजेचा सुमारें ६९ टक्क्यांनीं घटतो. इतकें असूनही आपल्याकडे हेल्मेट आरशास अडकवून फिरणारे वीर थोडे नाहींत! आरशाचें डोकें फुटण्याची त्यांस फारच काळजी दिसते.

दुसरा आक्षेप डामडौलाचा व आवाजाचा. हा आक्षेप आम्ही बहुतांशीं मान्य करतों. गाडीचा मूळचा सायलेन्सर काढून फटाक्यांसारखा आवाज करणारा दुसरा बसविण्याची चाल सध्यां बोकाळली आहे. परीक्षेच्या दिवसांत रात्रीं अभ्यास करणारा मुलगा, आजारी म्हातारी, पाळण्यांतलें मूल, ह्या सर्वांची शांतता एक मनुष्य केवळ आपल्याकडे लोकांनीं वळून पाहावें म्हणून हिरावून घेतो. कायद्यास हें मंजूर नाहीं, व असे जप्त केलेले सायलेन्सर पोलिसांनीं रोलरखालीं चिरडल्याचें आपण वर्तमानपत्रांत वाचलेंही आहे. परंतु कायद्याची गोष्ट बाजूस ठेवली, तरी असा मनुष्य क्रूझरचा आनंद घेत आहे असें आम्हांस वाटत नाहीं. जो गाडीवर बसून दुसऱ्यांचीं तोंडें न्याहाळतो, त्याला रस्ता कोठून दिसणार?

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपल्या देशांत मोटारसायकल ही बहुतेकांना चैनीची वस्तु नव्हे. गवळी तिच्यावर दुधाचीं कॅनें बांधतो, कामगार तिच्यावर दोन पाळ्यांची ये-जा करतो, आणि पतिपत्नी व दोन मुलें असें सारें घर एका शंभर सीसींच्या गाडीवर लग्नास जातें. अशा देशांत केवळ फिरण्यासाठीं जड गाडी बाळगणें शोभतें काय? आम्ही इतकेंच म्हणूं कीं, सतार वाजविल्यानें कोणाचें पोट भरत नाहीं, तरी ती घरांत असावीशी वाटते. मात्र जो आनंद घ्यावयाचा तो आपल्या कष्टाच्या पैशानें, ऋण न काढतां, व घरांतील कोणाचें आवश्यक तें न तोडतां घ्यावा. मुलाच्या हट्टासाठीं आईचे दागिने गहाण पडले, तर त्या गाडीच्या आवाजांत संगीत उरत नाहीं. आणि रस्त्यावर दुधाची गाडी समोरून आली तर आपण बाजूस व्हावें. तो कामावर आहे, आपण विहारास निघालों आहों.

ह्या ठिकाणीं आमच्या विद्यार्थिनींस एक शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. हा छंद केवळ मुलग्यांचा, अशी समजूत चुकीची आहे. ॲडेलीन व ऑगस्टा व्हॅन ब्यूरेन ह्या दोघी अमेरिकन भगिनी १९१६ सालीं दोन इंडियन मोटारसायकलींवरून न्यूयॉर्कपासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत गेल्या. रस्ते बहुतेक कच्चे, पाऊस व चिखल अपार. लष्करांत निरोप पोंचविण्याचें काम स्त्रियाही करूं शकतात, हें त्यांस सिद्ध करावयाचें होतें. वाटेंत पुरुषी पोषाख केल्याबद्दल त्यांस पोलिसांनीं अडविलें. परंतु त्या मागें फिरल्या नाहींत. लष्करानें त्यांस घेतलें नाहीं, ही लष्कराची गोष्ट झाली. प्रवास मात्र सिद्धीस गेला. क्रूझरची बैठक जमिनीपासून सुमारें अडीच फूट उंच असल्यामुळें ठेंगण्या स्वारासही दोन्ही पाय टेंकतां येतात. तेव्हां ज्या मुलीस मोठेपणीं ही इच्छा होईल, तिनें ती मनांत दडपून ठेवण्याचें कारण नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आतां तुम्हांस आमचें सांगणें एवढेंच कीं, थांबा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें गिअरची मोटारसायकल चालविण्यास वयाचीं १८ वर्षें पुरीं व्हावीं लागतात. हा नियम तुम्हांस अपमान वाटतो, हें आम्ही जाणतों. परंतु जो आनंद आम्हीं वर वर्णन केला, तो मित्राची गाडी चोरून घेऊन गल्लींत तीन फेऱ्या मारण्यानें मिळणाराच नाहीं. पोलिसाच्या भीतीनें ज्याची मान दर वळणावर मागें वळते, त्याला पसरणीचा घाट काय दिसणार? तोंपर्यंत सायकल नीट चालवा. तोल, वळण, रस्त्यावरील माणसाच्या मनांत काय आहे तें ओळखण्याची संवय, हें सर्व सायकलीवरच अंगीं बाणतें. पंक्चर काढावयास शिका. मिस्त्रीच्या दुकानापुढें उभें राहून इंजिन खोलतांना पाहा. पहिल्या पगारांतून थोडी थोडी रक्कम बाजूस टाकून जी गाडी घ्याल, तिची किल्ली हातांत घेतांना जो अनुभव येईल, तो वडिलांनीं आणून दिलेल्या किल्लींत नसतो.

पालकवर्गासही आमची नम्र विनंती आहे. मुलाच्या ह्या इच्छेस दोन चुकीचीं उत्तरें दिलीं जातात. एक उत्तर म्हणजे, "नांव काढूं नकोस." त्यानें इच्छा मरत नाहीं, ती घराबाहेर जाते, मित्राच्या गाडीवर बसते, व तिच्याबरोबर खोटें बोलणेंही येतें. दुसरें उत्तर ह्याहून वाईट, तें म्हणजे पंधराव्या वर्षीं गाडीची किल्ली. "क्लासला जावयास बस सोयीची नाहीं," "आतां सगळींच मुलें चालवितात," अशीं कारणें आम्हीं पुष्कळ ऐकलीं आहेत. २०१९ सालीं कायद्यांत जी दुरुस्ती झाली, तिच्या अन्वयें अज्ञान मुलानें गुन्हा केल्यास पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो, गाडीची नोंदणी एक वर्ष रद्द होते, व त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. परंतु दंडाच्या भीतीनें नव्हे, तर ज्या मुलास चौदा-पंधरा वर्षें जपलें त्याच्याविषयींच्या ममतेनें हें टाळावें, असें आमचें सांगणें आहे.

मग खरें उत्तर कोणतें? आमच्या मतें तें असें: "इच्छा चांगली आहे. अठरा वर्षें होईपर्यंत नाहीं. पण रविवारीं माझी गाडी आपण दोघे मिळून पुसूं." ज्या घरांत गाडी आहे त्या घरच्या वडिलांनीं वा आईनें मुलास शेजारीं बसवून साखळीस तेल देणें, हवा मोजणें, ब्रेक तपासणें हें शिकवावें, मागें बसविल्यास त्याच्याही डोक्यावर हेल्मेट घालावें, व स्वतः सिग्नलला थांबावें. मूल पुस्तकांतील उपदेशापेक्षां बापाचा ब्रेकवरचा हात अधिक पाहतें. ज्या घरांत गाडी नाहीं तेथें सायकल असेल, शिवणाचें यंत्र असेल, पाण्याचा पंप असेल. यंत्राची काळजी घेण्याची संवय कोणत्याही यंत्रावर लागते. ह्या तीन-चार वर्षांच्या रविवारांत मुलगा जें शिकेल, तें परवान्याच्या परीक्षेंत कोणी विचारीत नाहीं, परंतु पुढें एकट्यानें घाट उतरतांना तेंच त्याच्या उपयोगी पडेल. शिवाय एक लाभ असा कीं, ज्या विषयावर बापलेकांत फक्त भांडण होत असे, त्याच विषयावर त्यांचें बोलणें सुरू होईल.

क्रूझर ही वस्तु कांहीं जीवनास आवश्यक नाहीं. पुष्कळ सुखी माणसें तिच्यावांचून जगलीं व जगतील. पण ज्यास तिची ओढ आहे, त्यास ती तीन गोष्टी शिकवूं शकते: अधिक मिळत असतां पुरे म्हणणें, जें आपलें आहे त्याची आपल्या हातानें निगा राखणें, आणि रस्ता आपल्या एकट्याचा नाहीं हें ओळखून चालणें. हें शिकण्यासाठीं कोणी तिच्यावर बसत असेल, तर त्यास आम्ही अडविणार नाहीं. नुसत्या वेगासाठीं बसत असेल, तर त्यानें ही गाडी घेऊं नये, व आमच्या मतें दुसरीही घेऊं नये. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे कोणी पुढें योग्य वयांत, योग्य मार्गानें ह्या छंदास लागतील, त्यांची व आमची गांठ एखाद्या घाटांतील चहाच्या दुकानीं पडेल अशी आशा बाळगून हा लेख पुरा करतों.